वाचकांचे प्रश्न: आगार, भुयार, स्थानक आणि स्फोटाचा धोका

प्रश्न : आमच्या जुन्या डिझेल आगारात आता सीएनजी बस उभ्या राहणार आहेत. स्फोटाच्या धोक्याचे मूल्यमापन कुठून सुरू करावे?

छपरापासून. डिझेलच्या सवयीने सगळ्यांचे लक्ष जमिनीकडे जाते: सांडलेले तेल, खड्डे, गटारे. सीएनजीतला मुख्य वायू मिथेन मात्र हवेच्या जेमतेम ५५ टक्के वजनाचा असतो. तो सरळ वर चढतो आणि छपराखाली जिथे वाट अडते तिथे साठतो. हवेत त्याचे प्रमाण ५ ते १५ टक्क्यांच्या दरम्यान असले की ठिणगी पुरते.

छपराचा नकाशा घ्या आणि खोल तुळयांमुळे तयार झालेला प्रत्येक कप्पा वेगळा मोजा. धुराच्या नळीने (चाचणीसाठी थोडा धूर सोडणारे साधन) पाहा की त्या कप्प्यातला धूर खरोखर बाहेर जातो, की तिथेच घोटाळत राहतो. आढ्याला पंखा बसवला म्हणजे सगळे छप्पर मोकळे झाले, हा गैरसमज फार आढळतो. दोन तुळयांच्या मधली हवा पंख्याला दाद देत नाही. त्याच उंचीवर दिवे, हीटर, दरवाज्यांच्या मोटारी काय काय आहे याची यादी करा. ठिणगी तिथूनच येते.

गॅस ओळखणारा डिटेक्टर त्या कप्प्याच्या सर्वांत उंच जागी हवा. वाचायला आणि तपासायला सोपा म्हणून तो माणसाच्या उंचीवर लावला, तर तो वाजेपर्यंत छपराखाली स्फोटक मिश्रण तयार झालेले असेल. पहिली सूचना खालच्या ज्वलनमर्यादेच्या (वर सांगितलेल्या ५ टक्क्यांच्या) २० टक्क्यांवर, म्हणजे हवेत १ टक्का मिथेन असताना मिळावी आणि त्याच क्षणी पंखे पूर्ण वेगाने सुरू व्हावेत. इथे एक चूक पुन्हापुन्हा होते: सूचना मिळताच मुख्य वीज तोडली जाते आणि तिच्याबरोबर पंखेही थांबतात. पंख्यांचा वीजपुरवठा वेगळा ठेवा, आणि त्यांच्या मोटारी एकतर हवेच्या प्रवाहाबाहेर असाव्यात किंवा स्फोटक वातावरणासाठी प्रमाणित असाव्यात.

आणखी एक, बसच्या देखभालीशी थेट जोडलेली गोष्ट. पॉलिश आणि स्प्रेमधले सिलिकोन उत्प्रेरकावर चालणाऱ्या डिटेक्टरला निकामी करते. डिटेक्टर शून्य दाखवत राहतो आणि सगळे निश्चिंत असतात. म्हणून दिवा हिरवा आहे एवढ्यावर न थांबता, ठरलेल्या प्रमाणाचा चाचणी वायू प्रत्यक्ष सोडून त्याची तपासणी करा. इन्फ्रारेड डिटेक्टरला सिलिकोनचा हा त्रास नाही, पण त्याला हायड्रोजन दिसत नाही. उद्या हायड्रोजनच्या बस येणार असतील तर निवड आजच विचारपूर्वक करा.

जमिनीवरचे खड्डे विसरू नका. पेट्रोलची वाफ आणि एलपीजी हवेपेक्षा जड असतात आणि तिथेच उतरतात. एकाच आगारात वेगवेगळ्या इंधनांची वाहने असतील तर दोन्ही टोके तपासावी लागतील.

प्रश्न : सिग्नल यंत्रणेच्या बॅटरी खोलीत ११० व्होल्टचा, ५०० अँपिअर-तासांचा संच आहे. किती हवा खेळती लागेल?

शिसे-आम्ल बॅटरी भरताना हायड्रोजन सोडते, आणि तो ४ टक्क्यांपासूनच पेटतो. नेहमीचे सूत्र असे: ०.०५ × सेलची संख्या × वायू निर्माण करणारा प्रवाह (प्रति अँपिअर-तास मिलिअँपिअरमध्ये) × क्षमता ÷ १०००. २ व्होल्टचा एक सेल, म्हणून ११० व्होल्टला ५५ सेल. पाणी भरायच्या बॅटरीसाठी जोरदार चार्जिंगच्या वेळी २० मिलिअँपिअर धरतात, म्हणून ताशी २७.५ घनमीटर. बंद प्रकारच्या बॅटरीसाठी ८ धरले तर ताशी ११ घनमीटर. हिशेब नेहमी जोरदार चार्जिंगचाच करा. रोजच्या हलक्या चार्जिंगचा आकडा वापरला तर तो एक चतुर्थांश किंवा त्याहूनही कमी येतो आणि खोली नेमकी गरजेच्या वेळी अपुरी पडते.

नैसर्गिक वायुवीजन असेल तर हवेच्या घनमीटरला २८ ने गुणा, म्हणजे २७.५ साठी ७७० चौरस सेंटिमीटर, आत येणाऱ्या आणि बाहेर जाणाऱ्या हवेसाठी प्रत्येकी. हे मोकळे क्षेत्रफळ आहे. झडपांची जाळी त्यातला मोठा भाग अडवते, म्हणून चौकट त्याहून बरीच मोठी लागते. आतली वाट खाली, बाहेरची समोरच्या भिंतीत छताला भिडून. दोन्ही शेजारी ठेवल्या तर हवा तिथल्या तिथे फिरते. लिथियम बॅटरीला हे सूत्र लावू नका. ती तापून बेकाबू झाली की थोड्या वेळात हायड्रोजन, कार्बन मोनॉक्साइड आणि इतर ज्वलनशील वायू सोडते. तिचा विचार पूर्ण वेगळा करावा लागतो.

प्रश्न : भुयारी मार्गाच्या खोदकामाशेजारून दुसऱ्यांची गॅसवाहिनी जाते. तिचा धोका आमच्या मूल्यमापनात धरायचा का?

धरायलाच हवा. भुयारी रेल्वेच्या इतिहासातले मोठे गॅसस्फोट असेच झाले. ८ एप्रिल १९७० रोजी ओसाकात भुयारी रेल्वेच्या कामावर फुटलेल्या वाहिनीतला गॅस रस्त्यावर टाकलेल्या तात्पुरत्या फळ्यांखाली कोंडला आणि ७९ माणसे गेली. २८ एप्रिल १९९५ ला दक्षिण कोरियातल्या देगूमध्ये वाहिनी फोडली ती शेजारच्याच दुसऱ्या खोदकामाने. गॅस सांडपाण्याच्या वाटेने भुयाराच्या कामात शिरला. तिथे १०१ जणांचा मृत्यू झाला.

वाहतूक चालू राहावी म्हणून टाकलेल्या त्या फळ्या म्हणजे गॅससाठी छप्परच, आणि कोंडलेला गॅस पेटला की दाब अनेक पटींनी वाढतो. त्यामुळे फळ्यांखाली कायम चालणारे डिटेक्टर, दाब आणि गॅस निघायला ठरावीक मोकळ्या जागा, आणि जवळच्या प्रत्येक गटाराचा, केबलनळीचा नकाशा हवा. वाहिनीची जागा कागदावर न मानता हाताने खोदून खात्री करा. वासावर विसंबू नका: मातीतून झिरपताना गॅसमध्ये मिसळलेला वास माती शोषून घेते.

प्रश्न : स्थानकाच्या दर्शनी भागाला टफन्ड (तापवून कडक केलेली) काच पुरेल का?

नाही. ती जास्त दाब सहन करते, पण फुटली की तुकडे आत फेकले जातात. स्फोटात बरीच माणसे उडत्या काचेने जखमी होतात. दोन काचांमध्ये १.५ मि.मी. पीव्हीबी प्लास्टिकचा पडदा असलेली लॅमिनेटेड काच घ्या, आणि चौकटीत तिची कड खोल धरलेली, चिकटवलेली हवी. कड सुटली तर अखंड तावच आत येतो. जुनी काच बदलता येत नसेल तर किमान १०० मायक्रॉनची फिल्म लावा.

प्रश्न : आमच्या ५ × ५ धोका-तक्त्यात (शक्यतेचे गुण × परिणामाचे गुण) स्फोटाला ५ गुण मिळाले आणि तो घसरून पडण्याच्याही खाली गेला. हे बरोबर आहे का?

क्वचित घडणारी पण शेकडो जिवांची गोष्ट गुणाकारात बुडते. परिणामाचा रकाना कमाल असेल तर शक्यतेचा आकडा काहीही असो, तिचा स्वतंत्र विचार करा. लंडनच्या रोनन पॉइंट इमारतीत १६ मे १९६८ रोजी अठराव्या मजल्यावर घरगुती गॅसचा स्फोट झाला, भार पेलणारी एक भिंत निसटली आणि इमारतीचा कोपरा एकावर एक कोसळत गेला. ४ जण दगावले. म्हणून अभियंत्याला नेमका प्रश्न विचारा: एकेक खांब हिशेबातून काढला तर वरचे किती पडेल? ब्रिटिश बांधकाम नियमावलीची मर्यादा आहे मजल्याच्या १५ टक्के किंवा १०० चौरस मीटर, यांतले जे कमी असेल ते. त्याहून जास्त पडत असेल तर त्या खांबाला चौरस मीटरला ३४ किलोन्यूटनचा भार सोसता आला पाहिजे. हा हिशेब उत्तरासह तक्त्याला जोडूनच पुढे पाठवा.