पट्टीवरचं ऑइल आपोआप वाढतं तेव्हा

प्रश्न : द्राक्षबागेसाठी घेतलेला माझा 7 एचपीचा पेट्रोल पॉवर विडर (तण काढायचं यंत्र) दुसऱ्याच हंगामात बसला. सरीत चालता चालता खाडकन आवाज आला आणि इंजिन जाम. मिस्त्री म्हणतात, पिस्टनचा रॉड तुटला, तुम्ही ऑइल बघितलं नाही. पण खरड छाटणीच्या वेळी मी ऑइल मोजायची पट्टी बघितली होती. ऑइल खुणेच्याही वर होतं, म्हणून तर बदललं नाही. मग चुकलं कुठं?
— एक बागायतदार, तासगाव

उत्तर : पत्रातली खरी गोष्ट तुम्ही जाता जाता लिहून गेलात. इंजिन ऑइल जाळतं, गाळतं, पण ऑइल व्यायला ती काय म्हैस आहे? पट्टीवर वाढ दिसली की त्यात दुसरं काहीतरी शिरलंय. बहुतेक वेळा पेट्रोलच.

तुमच्या विडरची टाकी वर आणि कार्बोरेटर खाली. पेट्रोलचा कॉक उघडा राहिला आणि कार्बोरेटरमध्ये पेट्रोल अडवणाऱ्या फ्लोटच्या निडलखाली कचऱ्याचा एक कण अडकला, की पेट्रोल रातभर झिरपत सिलिंडरात येतं, पिस्टनच्या रिंगांच्या फटीतून खाली ऑइलमध्ये उतरतं. टेम्पोतून नेताना कॉक उघडा असेल तरी हेच, हादऱ्यानं फ्लोट नाचतो.

या इंजिनांना बहुधा ऑइल पंप नसतो. रॉडच्या खालच्या टोकाला चमच्यासारखी जीभ असते, ती ऑइल उडवते, त्यावरच सगळं चालतं. रॉड ॲल्युमिनियमचा, बऱ्याच इंजिनांत वेगळ्या बेअरिंगशिवाय थेट क्रँक पिनवर (रॉड ज्या फिरत्या खुंटीवर बसतो तिच्यावर) फिरणारा. मध्ये असतो फक्त ऑइलचा पातळ थर. पेट्रोल मिसळलेलं ऑइल उडतं झकास, पण थर धरत नाही. मग ॲल्युमिनियम पिनला चिकटतं, रॉड धरतो आणि तुटतो. तुकड्यानं ब्लॉक फुटला नसेल तर नशीब समजा.

आता मिस्त्रींना पिन दाखवायला सांगा. चिकटलेलं ॲल्युमिनियम काढता येतं. पिनला चरे पडले असतील तर नुसत्या रॉडनं भागणार नाही. आणि नवा रॉड बसवण्याआधी कार्बोरेटर उघडून निडल बघाच. मी एकदा ते केलं नाही. महिन्याभरात विडर परत दारात, दुसरा रॉड पदरचा घालावा लागला.

यापुढं पट्टी काढाल तेव्हा विडर सपाट जागी ठेवा, सरीत तिरका नको. नुसतं पातळी बघून थांबू नका. थेंब बोटांवर चोळा आणि वास घ्या. पेट्रोलचा वास आला तर सगळं ऑइल काढून टाका. या इंजिनात ऑइल मावतं साधारण 0.6 लिटर, तेवढ्यासाठी रॉड घालवू नये. नव्या इंजिनचं पहिलं ऑइल 20 तासांनी, मग दर 100 तासांनी बदलायचं. ट्रॅक्टरमधून काढलेलं काळं ऑइल गाळून घालतात काहीजण. गाळलं तरी काजळी आणि धातूची बारीक भुकटी त्यात राहतेच.

प्रश्न : टू-स्ट्रोक ब्रश कटरच्या पेट्रोलमध्ये टू-टी ऑइल थोडं जास्त घातलं तर इंजिन जास्त टिकेल का?
— एक वाचक, वाळवा

उत्तर : नाही. पुस्तिकेत 50:1 (50 भाग पेट्रोलला 1 भाग ऑइल) लिहिलं असेल तर लिटरला 20 मिली, 25:1 असेल तर 40 मिली. जास्त घातलं की धूर वाढतो, प्लग काळा पडतो आणि सायलेन्सरमध्ये कार्बन बसून ताकद जाते. टोपणानं अंदाजे ओतू नका. मेडिकलमध्ये औषधाची मापाची सिरिंज मिळते, मी तीच वापरतो.