आप्पांच्या वहीतली शून्यं

‘मुलगा अमेरिकेत आहे, कागदपत्रं नीट आहेत, तरी त्याला उचलून नेतील का?’ हल्ली जळगावात माझ्याकडे समुपदेशनासाठी येणाऱ्या पालकांपैकी बरेच जण हे विचारतात. त्यातल्याच एका आप्पांची ही गोष्ट. ओळख पटू नये म्हणून तपशील बदलले आहेत.

अमळनेर तालुक्यातले कपाशीचे शेतकरी. दोन महिने झोप नाही. बसल्या बसल्या त्यांनी खत-बियाण्याच्या हिशोबाची वही काढली. मागच्या पानावर बॉलपेनने गिरवून लिहिलं होतं : ४५,००,००,००,०००.

“एवढे डॉलर, ताई. नुसते माणसं कोंडायला.”

आकडा बरोबर होता. ४ जुलै २०२५ ला अमेरिकेत जो कायदा झाला, त्यात स्थलांतरितांना डांबून ठेवण्याच्या जागांसाठी ४५ अब्ज डॉलर ठेवलेत; धरपकड आणि परत पाठवणीसाठी आणखी सुमारे ३० अब्ज. मी घाईने म्हटलं, “पण आप्पा, हा पैसा २०२९ पर्यंत पुरवायचा आहे. आणि तुमचा मुलगा रीतसर व्हिसावर गेलाय.”

चूक माझीच. त्यांनी पान उलटलं. पेपरातलं कात्रण : एप्रिल २०२५ मध्ये तिथल्या हजारो परदेशी विद्यार्थ्यांच्या, तिथे राहण्याच्या हक्काशी जोडलेल्या सरकारी नोंदी अचानक बंद केल्या होत्या. कोर्टकचेऱ्या झाल्यावर त्या परत चालू झाल्या, हे कात्रणात नव्हतं. “जिनिंगवाल्यानं नवं गोडाऊन बांधलं की तो माल शोधतोच ना?” ते म्हणाले. माझ्याकडे उत्तर नव्हतं, कारण तर्कात खोट नव्हती. आकड्याची भीती दुसऱ्या आकड्याने जात नाही, हे मी शिकाऊ मुलांना सांगते आणि स्वतः विसरते.

मग विचारलं, “डोळे मिटले की काय दिसतं?”

अमृतसरला उतरलेलं लष्करी विमान. फेब्रुवारी २०२५, १०४ भारतीय, हातात बेड्या, पायात साखळ्या. आप्पांनी तो व्हिडिओ किती वेळा पाहिला, त्यांनाच ठाऊक. “मना आंडोर चोर शे का, ताई?” माझा मुलगा चोर आहे का? इतका वेळ शुद्ध बोलणारा माणूस अहिराणीत आला, तेव्हा मला वाटलं, आता खरं बोलणं सुरू झालं.

“तो शेवटचा कधी बोलला?”

बरेच दिवस नुसते ‘ठीक’ असे मेसेज. जमीन गहाण टाकून पाठवलेला मुलगा फोन उचलत नव्हता, आणि ती रिकामी जागा बातम्यांनी भरत होती.

पुढच्या वेळी त्यांना मुद्दाम संध्याकाळी साडेसातला बोलावलं. तिकडे सकाळ असते. मुलाने फोन उचलला. शिक्षण संपलंय, ओपीटीवर आहे, म्हणजे शिक्षणानंतर तिथे काही काळ काम करायची परवानगी आहे, पण नोकरी नाही. या काळात नोकरीविना एकूण ९० दिवसच चालतात. त्याचे ६१ झाले होते. कर्ज डोक्यावर असताना बापाला कोणत्या तोंडाने सांगणार?

आप्पांनी वही उघडली आणि त्याच शून्यांखाली लिहायला घेतलं. वर्क परमिटच्या कार्डावरचा ‘ए’ नंबर, म्हणजे तिथल्या सरकारने परदेशी माणसाला दिलेला ओळख क्रमांक, कारण कोणी ताब्यात गेलं तर सरकारी साइटवर त्यावरून शोध घेता येतो. इमिग्रेशनच्या वकिलाचा फोन, कारण तिथे अशा खटल्यात सरकार वकील देत नाही. जवळच्या भारतीय वकिलातीचा नंबर. मुलगा एकेक आकडा सावकाश सांगत होता, आप्पा परत वाचून दाखवत होते. मधेच त्याने विचारलं, “कपाशीला बोंडअळी आहे का यंदा?”

भीती गेली नाही. व्हिडिओ मात्र रात्री बघायचा नाही, एवढं त्यांनी कबूल केलं. फोन ठेवल्यावर त्यांनी ९० मधून ६१ वजा केले, २९ भोवती गोल काढला आणि मला विचारलं, “घरी ये म्हणू का त्याला?”

“मला नका विचारू, आप्पा. त्याला विचारा.”

त्यांनी वही खिशात ठेवली आणि फोन पुन्हा लावला.