ट्रॅप-स्कीटसाठी (उडत्या तबकड्यांवरची नेमबाजी) सेमी-ऑटो शॉटगन घेतली तर सांभाळायचा खर्च दुनळीपेक्षा किती जास्त? (नाशिक)

देखभालीचा खर्च दुनळीपेक्षा थोडाच जास्त, वेळ मात्र बराच जास्त. आणि खिसा रिकामा करतात ती काडतुसं, बंदूक नाही. क्लबमधल्या सेमी-ऑटो (दर बारानंतर पुढचं काडतूस आपोआप भरणाऱ्या बंदुका) उघडून साफ करायचं काम माझ्याकडे असतं, त्यावरून सांगतो. बाराच्या गॅसवर चालणाऱ्या सेमी-ऑटोत नळीतला धूर भोकांतून पिस्टनवर येतो आणि तिथे काळी खरपुडी धरते. ती दोन-तीनशे फैरींनंतर खरवडली नाही, की रिकामं काडतूस बाहेर पडताना अडकायला लागतं. इनर्शियावाली, म्हणजे गॅसऐवजी बाराच्या धक्क्यावर चालणारी, कमी घाण होते, पण खांद्याला धक्का जास्त देते आणि २४ ग्रॅम छऱ्यांच्या हलक्या काडतुसावर कधी कधी नीट चालत नाही. स्पर्धेत तर २४ ग्रॅमपर्यंतच चालतं, म्हणून घेण्याआधी तेच काडतूस लावून बघा. सुटे भाग म्हणाल तर रिकॉइल स्प्रिंग (मागे आलेला भाग पुन्हा पुढे ढकलणारी), एक्स्ट्रॅक्टर (रिकामं काडतूस ओढून काढणारा) आणि काही मॉडेलांत रबरी रिंग. स्वस्त असतात, पण बाहेरून मागवावे लागतात, त्यामुळे एकेक जादा ठेवा. आपल्याकडच्या पावसाळ्यात बंदूक फोमच्या पेटीत महिनाभर पडू देऊ नका, नळीवर गंज चढतो. काडतुसांचं गणित: स्कीटच्या एका राउंडला २५, ट्रॅपला प्रत्येक तबकडीवरचा दुसरा बार धरून ५० पर्यंत.

एक अट: आपल्या कायद्यात सेमी-ऑटो साध्या बंदुकीच्या परवान्यावर बसत नाही. शहरात असाल तर पोलीस आयुक्तालयात, ग्रामीण भागात जिल्हाधिकारी कार्यालयात आधी विचारा, मग बयाणा द्या.