दहापैकी दहा, पण कुणाविरुद्ध?

एका फुटबॉल संघानं पात्रता फेरीत दहापैकी दहा सामने जिंकले, दुसऱ्यानं वेगळ्या गटात दहापैकी सहाच. म्हणून पहिला सरस, असं तुमचं म्हणणं. माझ्या मते एवढ्यावरून काहीच ठरत नाही.

२००१ चा ऑस्ट्रेलिया बघा. तेव्हा ते विश्वचषकाच्या पात्रता फेरीत ओशनिया (पॅसिफिकमधले देश) विभागात खेळायचे. टोंगाला २२-०, अमेरिकन सामोआला ३१-०, फिजीला २-०, सामोआला ११-०. चार सामन्यांत ६६ गोल केले, खाल्ला एकही नाही. पुढे न्यूझीलंडलाही दोनदा हरवलं. मग नोव्हेंबरात विश्वचषकात जाण्यासाठीच्या निर्णायक दोन सामन्यांत उरुग्वे समोर आला. मेलबर्नला १-० जिंकले, माँटेव्हिडिओत ०-३ हरले, विश्वचषक हुकला. (अमेरिकन सामोआचे बहुतेक नेहमीचे खेळाडू पासपोर्टच्या घोळामुळे आलेच नव्हते, पोरंसोरं खेळवावी लागली. त्या ३१ गोलांचं कौतुक मला कधीच वाटलं नाही.) उलट त्या यादीत सगळ्यात बोलका आकडा फिजीविरुद्धचा २-० आहे. समोरचा जरा बरा निघाला, तर गोलांचा पाऊस लगेच थांबला.

पण लिंबूटिंबूंना हरवलं म्हणजे संघ कच्चाच, असं उलट टोक गाठू नका. युरो २०२० च्या (युरोपातल्या देशांच्या अजिंक्यपद स्पर्धेच्या) पात्रता फेरीत इटलीनं दहापैकी दहा जिंकले. गटात फिनलंड, ग्रीस, बॉस्निया, आर्मेनिया आणि लिक्टेनस्टाइन. लोक म्हणाले, गटच सोपा होता. इटली युरो जिंकून मोकळी झाली. बेल्जियमनंही दहापैकी दहा जिंकले होते, त्यांना इटलीनंच उपांत्यपूर्व फेरीत २-१ नं घरी पाठवलं. सोप्या सामन्यांतून संघ वाईट ठरत नाही, तो किती चांगला आहे हे झाकलेलं राहतं, इतकंच.

आता हिशेब. प्रतिस्पर्ध्यांची जिंक-हार बघून त्यांची ताकद काढायची तर आपल्याविरुद्धचे सामने आधी वजा करा. ही चूक फार जण करतात. समजा एका प्रतिस्पर्ध्याचे दहा सामन्यांत पाच विजय, पाच पराभव. दिसायला मध्यम. त्या पाचांतले दोन पराभव आपणच दिलेले असतील, तर बाकीच्यांविरुद्ध तो आठपैकी पाच जिंकलाय. म्हणजे बराच तगडा. वजाबाकी केली नाही तर आपणच हरवून आपणच त्याला दुबळा ठरवतो! ३८ सामन्यांच्या लीगमध्ये ही भानगड मोसमाअखेरीस उरत नाही, कारण सगळे सगळ्यांशी दोनदा खेळतात. मधल्या टप्प्यावर मात्र कुणाचे अवघड सामने उरलेत ते बघावंच लागतं.

फिफानं (फुटबॉलची जागतिक संघटना) ऑगस्ट २०१८ पासून क्रमवारीत असाच विचार आणला. दोन संघांत ६०० गुणांचं अंतर असेल, तर वरच्याचा विजय साधारण ९१ टक्के गृहीतच धरतात. पात्रता सामन्याचं वजन २५, म्हणजे जिंकणाऱ्याला २५ मधून आधीच गृहीत धरलेला वाटा वजा करून गुण मिळतात. वरचा जिंकला तर पदरात जेमतेम सव्वादोन गुण, खालचा जिंकला तर जवळपास २३. गोलफरक तिथे मोजतच नाहीत, ३१-० काय नि १-० काय, सारखंच.

एवढी आकडेमोड नको असेल तर गटातल्या तळाच्या संघाविरुद्धचे निकाल खोडून उरलेलं वाचा. हा काही माझा शोध नाही. २०१८ च्या विश्वचषकासाठी युरोपातल्या नऊ गटांतल्या दुसऱ्या क्रमांकाच्या संघांची तुलना अशीच झाली होती, सहाव्या संघाविरुद्धचे निकाल वगळून. स्लोव्हाकियाचे १८ गुण होते. माल्टाविरुद्धचे सहा गेले, उरले १२. नऊ जणांत तेच सगळ्यात कमी ठरले, आणि प्लेऑफ (पात्रतेची शेवटची लढत) खेळायला बाकीचे आठ गेले.

तुमच्या दोन्ही संघांचे तळाचे दोन-दोन सामने खोडून बघा. पहिल्याचे आठपैकी आठ राहतील, पण ते कुणाविरुद्धचे, हे इथे लिहा. त्याशिवाय मी तरी पैज लावणार नाही.