मशीनवर बसवत नाही

प्रश्न : डॉक्टरताई, माझं वय 56. पाळी जाऊन पाच वर्षं झाली. मी घरी ब्लाउज शिवते. गेलं दीड वर्ष खालच्या जागेची आग होते, सारखं चरचरतं. अर्धा तास मशीनवर बसलं की उठून उभं राहावं लागतं. लघवीला जळजळ होते म्हणून तीनदा अँटिबायोटिकचा कोर्स झाला, पण तपासणीत जंतू एकदाच निघाले. रोज कोमट पाण्यात जंतुनाशक घालून धुते. मोबाइलवर बघून आवळायचे व्यायाम केले, तर दुखणं वाढलंच. संबंध नकोसा झालाय. मिस्टर काही बोलत नाहीत, पण आता बाहेरच्या खोलीत झोपतात. मागच्या महिन्यात एकदा संबंधानंतर कपड्याला गुलाबीसर डाग लागला होता. हे वयाचंच ना?
– एक वाचक, वाई

उत्तर : डागाचं तुम्ही जाता जाता लिहिलंय, मी मात्र तिथूनच सुरू करते. पाळी जाऊन वर्ष उलटल्यावर थेंबभर रक्त दिसलं तरी ते तपासायचंच. बहुतेक वेळा कारण साधं निघतं. कोरडी, पातळ झालेली त्वचा घासून रक्त येतं. पण गर्भाशयाच्या कॅन्सरची पहिली खूणही हीच असते. तेव्हा या आठवड्यात स्त्रीरोगतज्ज्ञाकडे जा. त्या आतून बघतील, सोनोग्राफीत गर्भाशयाच्या अस्तराची जाडी मोजतील. ती 4 मिलिमीटरपर्यंत असेल तर सहसा काळजीचं कारण नसतं. जास्त असेल किंवा डाग पुन्हा दिसला तर अस्तराचा तुकडा तपासायला पाठवतात.

आता आगीबद्दल. इस्ट्रोजेन कमी झालं की योनिमार्गाची त्वचा पातळ होते, ओलावा आटतो. तिथे राहणारे चांगले जंतू आम्ल तयार करून बाकीच्यांना दूर ठेवतात. तेही कमी होतात. मूत्रमार्गाचं तोंड शेजारीच, त्याची त्वचाही याच हार्मोनवर पोसलेली, म्हणून जंतू नसतानाही लघवीला जळजळतं. अंगातून येणाऱ्या वाफा बऱ्याच जणींच्या काही वर्षांनी आपोआप थांबतात, कोरडेपणा तसा थांबत नाही. त्याला उपचार लागतो. यापुढे लघवीच्या कल्चरमध्ये, म्हणजे जंतू वाढवून बघायच्या तपासणीत, जंतू आल्याशिवाय अँटिबायोटिक घेऊ नका.

ते जंतुनाशक आजच फरशीच्या बादलीत ओता! तिथे साबणही नको, सुवासिक वॉशही नको. बाहेरून नुसतं पाणी पुरे, आत धुवायचं नाही. फार्मसीत योनिमार्गासाठीचं मॉइश्चरायझर जेल मिळतं, ते आठवड्यातून दोन-तीनदा रात्री लावायचं, संबंध असो वा नसो. संबंधाच्या वेळचं लुब्रिकंट वेगळं.

एवढ्याने भागलं नाही तर इस्ट्रोजेनचं क्रीम. डागाची तपासणी झाल्यावरच, आणि डॉक्टरांच्या चिठ्ठीनेच. आपल्याकडे एस्ट्रिऑलचं, म्हणजे इस्ट्रोजेनच्याच एका सौम्य प्रकाराचं, मिळतं. साधारणपणे अर्धा ग्रॅम रोज रात्री दोन आठवडे, मग आठवड्यातून दोनदा, असं देतात. महिनाभरात फरक जाणवू लागतो, पुरता गुण यायला तीन महिने लागू शकतात. बायका पंधरा दिवसांत ‘उपयोग नाही’ म्हणून ट्यूब कपाटात टाकतात. दुसऱ्या कितीतरी जणी खोक्यातला कागद वाचून घाबरतात. त्यावरचे इशारे मुख्यतः हार्मोनच्या गोळ्यांच्या अनुभवावरून आलेत. एवढ्याशा क्रीममधून रक्तात फार थोडं जातं. मात्र स्तनाचा कॅन्सर होऊन गेला असेल तर आधी कॅन्सरच्या डॉक्टरांना विचारायचं.

व्यायामाने दुखणं वाढलं, यात तुमचं काही चुकलेलं नाही. दुखतं म्हणून ओटीपोटाखालचे स्नायू आधीच आवळलेले असतात, त्यांना आणखी आवळलं तर ते ओरडणारच. तुम्हाला सैल सोडायला शिकायचंय. उताणं झोपा, गुडघे वाकवा, श्वास पोटात घ्या आणि लघवी सुरू करताना सोडतो तसं खाली सोडा. दिवसातून दोनदा, पाच-पाच मिनिटं. हे शिकवणाऱ्या फिजिओथेरपिस्टही असतात. मात्र संध्याकाळी खाली जड वाटत असेल, काहीतरी उतरल्यासारखं होत असेल, तर ‘अंग बाहेर येतं का बघा’ असं डॉक्टरांना आवर्जून सांगा. त्याचा उपचार निराळा. खाज जास्त असेल, त्वचेवर पांढरे चट्टे असतील तर तेही दाखवा. साखरही तपासून घ्या. मशीनच्या स्टुलावर उशी ठेवा, अर्ध्या तासाने उठताच आहात, ते चालू राहू द्या.

लाजेचं म्हणाल तर एक कबुली देते. मी स्वतः स्त्रीरोगतज्ज्ञ, तरी 52व्या वर्षी हाच त्रास सुरू झाल्यावर शेजारच्या केबिनमधल्या मैत्रिणीला सांगायला मला आठ महिने लागले. माझ्या ओपीडीत बायका ‘पाठ दुखते’ म्हणून येतात आणि निघताना दाराच्या कडीवर हात ठेवून खरं बोलतात. तुम्ही हे पत्रच घडी करून पर्समध्ये न्या आणि डॉक्टरांच्या हातात द्या. मिस्टरांनाही वाचू द्या. ते बाहेरच्या खोलीत का गेले, हे तुम्ही लिहिलेलं नाही. मला वाटतं, तुम्ही त्यांना विचारलेलंही नाही.