लहान मुलांना लोकगीते शिकवू लागताना

बालवर्गातील मुलांसोबत लोकगीते गाण्याचे काम तुम्ही हाती घेत आहात, याचा मनापासून आनंद वाटला. सुरुवातीला वाद्य बाजूला ठेवा आणि तुम्ही एक छोटी ओळ म्हणायची व मुलांनी ती परत म्हणायची, अशी गाणी निवडा. शिकागोच्या, मुलांसाठी गाणाऱ्या गायिका एला जेन्किन्स यांनी १९५७ साली निघालेल्या आपल्या पहिल्या ध्वनिमुद्रिकेपासून पुढे अनेक दशके याच पद्धतीवर भर दिला, आणि माझ्या मते याहून चांगली सुरुवात नाही.

नवशिक्यांच्या चुका प्रामुख्याने दोन असतात.

१. स्वतःच्या गळ्याला सोयीची पट्टी, म्हणजे गाण्याचा मूळ स्वर, धरणे. चार वर्षांच्या मुलाचा गळा पाच-सहा स्वरांतच सहज फिरतो आणि तो मोठ्या पुरुषाच्या आवाजापेक्षा बराच वर असतो. पट्टी खाली गेली की मुले गात नाहीत, नुसती पुटपुटतात.

२. मुलांच्या पाळीतही स्वतः गात राहणे. ओळ संपली की थांबा. पहिल्या खेपेला दोन-तीनच आवाज येतील आणि बाकीची मुले तुमच्या ओठांकडे टक लावून पाहतील, पण तेही शिकणेच आहे, म्हणून घाई न करता तीच ओळ त्याच लयीत पुन्हा म्हणा. बेसूर गाणाऱ्या मुलाला सर्वांदेखत कधीही थांबवू नका.

शब्दांचा अर्थ गाऊन झाल्यावर सांगा. स्वरलिपी आणि तालाचे हिशेब सध्या नकोत. तीन छोटी गाणी मात्र कागदाशिवाय म्हणता येतील इतकी पाठ करा.