जुन्या एफ-१५० ला मास एअर करायचं आहे, कंप्युटर कोणता घेऊ?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: १९९० ची फोर्ड एफ-१५०, ५.० लिटर व्ही८. कॅमशाफ्ट बदलल्यापासून आयडलला रेस वर-खाली होते, सिग्नलला गाडी बंद पडते. म्हणून स्पीड डेन्सिटी (मॅनिफोल्डच्या दाबावरून हवेचा अंदाज घेणारी पद्धत) काढून एमएएफ (मास एअर फ्लो, आत येणारी हवा थेट मोजणारा) सेन्सर लावायचा आहे. त्यासाठी मस्टँगचा ए९एल कंप्युटर घ्यावा, ए९पी चालेल का, की तिसरंच काही?

गिअरबॉक्स कुठला ते तुम्ही लिहिलेलं नाही, आणि सगळं तिथेच अडतं. ड्रायव्हरच्या दाराच्या स्टिकरवर ट्रान्समिशनचा कोड असतो, तो आधी बघा. पाच गिअरचा मॅन्युअल असेल, किंवा एओडी वा सी६ हा जुन्या पद्धतीचा ऑटोमॅटिक असेल, तर गिअरबॉक्सला इंजिनाच्या कंप्युटरशी काही देणंघेणं नाही. पण ई४ओडी हा इलेक्ट्रॉनिक ऑटोमॅटिक असेल तर ए९एल विसरा. ई४ओडीचे गिअर सोलेनॉइड बदलतात आणि त्यांना हुकूम देणारा भाग मस्टँगच्या त्या कंप्युटरात मुळातच नाही. इंजिन झकास चालेल, पण गिअर पडणार नाहीत. लोक मग गिअरबॉक्सला वेगळा कंट्रोलर लावतात, म्हणजे चार आण्याची कोंबडी, बारा आण्याचा मसाला.

मॅन्युअल किंवा एओडी आहे असं धरून पुढचं लिहितो.

ए९एल म्हणजे १९८९ ते ९३ च्या मॅन्युअल मस्टँग ५.० चा कंप्युटर आणि ए९पी म्हणजे त्याच गाडीचा ऑटोमॅटिकचा. दोन्ही ६० पिनांचे ईईसी-४ (फोर्डच्या इंजिन-कंप्युटरांची त्या काळची पिढी), दोन्ही १९ पौंडांच्या (तासाला तेवढं पेट्रोल सोडणाऱ्या) इंजेक्टरवर आणि मस्टँगच्या मूळ ५५ मिमी एमएएफ मीटरवर बेतलेले. ए९एलचं नाव झालंय म्हणून विकणारे वाटेल तो भाव सांगतात. ए९पी चांगल्या अवस्थेत आणि स्वस्तात मिळत असेल तर बिनधास्त घ्या. १९९३ च्या कोब्राचा एक्स३झेड मात्र २४ पौंडांच्या इंजेक्टरसाठी आहे. मीटर, इंजेक्टर आणि कंप्युटर हे त्रिकूट एकमेकांशी जुळलेलं हवं, त्यातलं एकच बदललं की मिश्रण बिघडतं.

आता खरी गोम, जी विकणारा सांगत नाही. तुमच्या ट्रकच्या ५.० ची मूळ फायरिंग ऑर्डर, म्हणजे सिलिंडर पेटण्याचा क्रम, १-५-४-२-६-३-७-८ आहे. मस्टँगच्या एचओ (हाय आउटपुट) इंजिनाची १-३-७-२-६-५-४-८. ट्रकचा कंप्युटर इंजेक्टर गटागटाने उडवायचा, त्यामुळे त्याला याचं सोयरसुतक नव्हतं. ए९एल प्रत्येक इंजेक्टर वेगळा आणि क्रमाने उडवतो. 'इंजेक्टरच्या वायरी अदलाबदल करा, झालं' असा सल्ला तुम्हाला मिळेल: ३ ची ५ ला, ५ ची ३ ला, ४ ची ७ ला, ७ ची ४ ला. क्रम जुळतो खरा, पण १ ते ४ सिलिंडर एका बाजूला आणि ५ ते ८ दुसऱ्या बाजूला आहेत, आणि मस्टँगचा कंप्युटर दोन ऑक्सिजन सेन्सरवरून दोन्ही बाजूंचं पेट्रोल वेगवेगळं सुधारतो. वायरी अशा फिरवल्या की एका सेन्सरचं ऐकून तो अर्धी दुरुस्ती पलीकडच्या बाजूला करतो. गाडी चालते, पण मला हा जुगाड पटत नाही.

तुमच्या बाबतीत कदाचित हा प्रश्नच उरला नसेल, कारण कॅम तुम्ही बदललाय. डिस्ट्रिब्युटर कॅपवर एक नंबरच्या प्लगची वायर शोधा आणि रोटर फिरतो त्या दिशेने पुढची वायर कुठल्या सिलिंडरला जाते ते बघा. ३ ला गेली तर कॅम एचओ आहे आणि ए९एल सरळ बसेल. ५ ला गेली तर जुनाच क्रम. मग मी पैसे कंप्युटरवर घालण्याआधी कॅमवर घातले असते. (५.८ वाल्यांना ही भानगड नाही, त्यांचा क्रम पहिल्यापासून एचओचाच आहे.)

कंप्युटरसोबत आणखी काय काय लागतं, ते ऐकून काहीजण बेत सोडतात. आठ इंजेक्टरना आठ स्वतंत्र वायरी. दुसरा ऑक्सिजन सेन्सर, कारण ट्रकला एकच होता. एमएएफचा सिग्नल पिन ५० वर आणि त्याचा रिटर्न ९ वर. थ्रॉटल बॉडीला दोन पाइप येतात, तेव्हा मीटरच्या आधी किंवा नंतर कुठेतरी ते एक करावे लागतील, आणि मीटर ते इंजिन यांच्यामध्ये हवेची एकही गळती चालणार नाही. जुना एमएपी (मॅनिफोल्डचा दाब मोजणारा) सेन्सर फेकू नका. त्याची व्हॅक्यूमची नळी काढा, सेन्सरचं तोंड उघडं ठेवा आणि मॅनिफोल्डकडचं टोक बंद करा. ए९एल त्याच्याकडून बाहेरच्या हवेचा दाब वाचतो.

डिस्ट्रिब्युटरही बदलावा लागतो. एक नंबरचा सिलिंडर ओळखता यावा म्हणून मस्टँगच्या डिस्ट्रिब्युटरमधल्या आठ पात्यांपैकी एक अरुंद असतं, ट्रकमध्ये सगळी सारखी. मात्र मस्टँगच्या डिस्ट्रिब्युटरचा गिअर रोलर कॅमसाठी पोलादी असतो. साध्या बिडाच्या कॅमवर तो बसवला तर कॅमचे दात खाऊन टाकतो. गिअर कॅमप्रमाणे बदलून घ्या. टीएफआय (इग्निशनचं) मॉड्यूल राखाडी रंगाचं हवं, काळं नको.

ई४ओडी निघाला तर दोन वाटा आहेत. १९९५ मध्ये कॅलिफोर्नियासाठी आलेल्या ५.८ च्या ट्रकांत एमएएफ आणि ई४ओडी एकत्र होते आणि कंप्युटर ईईसी-४ च होता. तो शोधा, पण गिअरबॉक्सचे सेन्सर मधल्या वर्षांत बदललेत, म्हणून दोन्ही वर्षांचे वायरिंग डायग्राम समोर ठेवून पिन न् पिन जुळवा. फायरिंग ऑर्डरची अट तिथेही आहेच. १९९६ चा घेऊ नका, तो ईईसी-५, १०४ पिनांचा. दुसरी वाट म्हणजे आहे तोच कंप्युटर ठेवून त्याच्या मागच्या सर्व्हिस पोर्टवर चिप लावायची आणि नव्या कॅमप्रमाणे टेबलं बदलून घ्यायची. कॅम मोठा झाला की आयडलला व्हॅक्यूम घटतो, कंप्युटरला वाटतं इंजिनावर लोड आलाय आणि तो पेट्रोल ओततो. हे ट्यूनिंगने सुधारतं. कॅम सौम्य असेल तर मी हेच आधी करून बघेन.

कुठलाही जुना ईईसी-४ घेताना विकणाऱ्याकडून झाकण उघडलेला फोटो मागा. आतल्या इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटरच्या पायांशी हिरवट डाग किंवा ओलसर चिकटपणा दिसला तर आतलं रसायन गळलंय आणि खालची तांब्याची रेघ खायला लागलंय. डाग नसले तरी तीस वर्षांचे कपॅसिटर बदलून, १०५ अंश सेल्सियसला टिकणारे लावूनच गाडीत बसवा. आणि तुम्ही कॅलिफोर्नियात असाल तर वायर कापण्याआधी स्मॉग चेकवाल्याशी बोला. तिथे बॉनेट उघडून नजरेने तपासणी होते आणि सवलतीचा ईओ (एक्झिक्युटिव्ह ऑर्डर) नंबर नसलेला बदल दिसला तर धूर कितीही स्वच्छ असो, गाडी नापास.